अपेंडिक्स काढल्यानंतरही ताप, आणि रिपोर्टमध्ये ‘पायलेफ्लेबायटिस’: रक्त पातळ करण्याचे औषध घ्यावे का?

आपल्या मेहुण्यांचे फुटलेले अपेंडिक्स धुळ्यात काढले, सहाव्या दिवसापासून थंडी वाजून ताप येऊ लागला, सीटी स्कॅनमध्ये पोर्टल शिरेत संसर्ग झालेली गुठळी, म्हणजेच ‘पायलेफ्लेबायटिस’, दिसली, आणि टाके ओले असताना रक्त पातळ करणारे इंजेक्शन द्यावे का, असे आपण विचारले आहे. खानदेशात बरीच वर्षे पोटाच्या शस्त्रक्रिया केल्या, त्या अनुभवावरून लिहितो. रुग्णाला मी पाहिलेले नाही, हे ध्यानात ठेवावे.

अपेंडिक्सचे आणि आतड्याच्या बऱ्याच भागाचे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आंत्रशिरेतून वर येते, स्वादुपिंडामागे प्लीहेकडून आलेल्या शिरेला मिळते, आणि त्या संगमातून तयार झालेली पोर्टल शीर ते यकृतात नेते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच वाटेने येते. अपेंडिक्स सडले की लगतच्या बारीक शिरा सुजतात, त्यांत रक्त गोठते, गुठळीत जंतू ठाण मांडतात, आणि ती प्रवाहाच्या दिशेने वाढत मुख्य शिरेपर्यंत पोहोचते. म्हणजे मूळ काढले तरी वाटेतला संसर्ग उरतो. शस्त्रक्रिया बिघडली, असा याचा अर्थ नव्हे.

आपल्याकडे पावसाळ्यानंतर हुडहुडी भरली की आधी मलेरियाच्याच गोळ्या सुरू होतात. शिंदखेड्याकडचे एक कापूस उत्पादक शेतकरी असेच आठवडाभर गोळ्या घेऊन आले होते. पोटदुखी थांबल्यामुळे तिचा उल्लेखही त्यांनी केला नव्हता, आणि तोवर यकृतात पू झाला होता.

उपचाराचा कणा प्रतिजैविके हाच आहे. जंतू बहुधा मिश्र असतात, त्यामुळे प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंवरही चालेल अशी औषधे आधी शिरेतून आणि पुढे तोंडाने, एकूण साधारण 4 ते 6 आठवडे द्यावी लागतात. यकृतात मोठे गळू असेल तर सोनोग्राफीच्या आधारे नळी घालून पू काढतात आणि औषधांची मुदत वाढते. ताप उतरल्याबरोबर औषध सोडणे ही मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक आहे.

रक्त पातळ करण्याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. गुठळी आंत्रशिरेत पसरली असेल, वाढत असेल किंवा प्रतिजैविके चालू असूनही ताप हटत नसेल, तर माझा कल औषध देण्याकडे असे, कारण आतड्याचा रक्तप्रवाह तुंबला तर आतडेच सडू शकते. ताज्या जखमेतून रक्तस्रावाची भीती खरी आहे. म्हणूनच पहिले दिवस रुग्णालयात हेपॅरिन देतात, कारण ते लवकर थांबवता येते. पुढे वॉरफरिनच्या गोळ्या दिल्या तर ठरलेल्या दिवशी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासून घ्यावा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी घेऊ नये, आणि कांद्याची पात घातलेले आपले भरीत किंवा मेथी एक दिवस भरपूर व मग पंधरा दिवस बंद, असे करू नये. त्यांतील के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो. पोट एकाएकी जोरात दुखू लागले किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.