सुऱ्या बनवण्यासाठी बँडसॉ: किती पैसे अडकवावेत?

प्रश्न: नोकरी सांभाळून घरच्या वर्कशॉपमध्ये सुऱ्या बनवतो. महिन्याला साधारण ३ होतात. ४ ते ५ मिमी जाडीची पोलादी पट्टी हॅकसॉने, म्हणजे धातू कापायच्या हातकरवतीने, आकाराला कापतो. त्यात वेळ फार जातो आणि हल्ली उजवं मनगट दुखायला लागलं आहे. बँडसॉ (सलग फिरणाऱ्या पट्टीसारख्या ब्लेडची विजेची करवत) घ्यायचा विचार आहे आणि तीन पर्याय समोर आहेत. पहिला, पोर्टेबल बँडसॉ टेबल-स्टँडसह. त्याला माझी २ महिन्यांची शिल्लक लागेल. दुसरा, आडवा आणि उभा दोन्ही चालणारा छोटा बँडसॉ. अडीच महिन्यांची शिल्लक. तिसरा, कारखान्यातून निघालेला वापरलेला मोठा उभा बँडसॉ, ब्लेड जोडायच्या वेल्डरसकट. १० महिन्यांची शिल्लक. एकदाच काय तो मोठा घेऊन टाकावा असं वाटतं. अडीअडचणीसाठी ५ महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे बाजूला ठेवलेले आहेत. त्यातून घेऊ की १८ हप्त्यांचं कर्ज काढू? पत्नी म्हणते, आधी तयार पडलेल्या ६ सुऱ्या विका. आणि ब्लेड एकेक घ्यावं की पाकीट?

उत्तर: बँडसॉ घ्या. स्टँडवरचा पोर्टेबल घ्या, दोन महिने पैसे साठवून रोख घ्या, आणि बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावू नका. मोठं यंत्र तुमच्या आजच्या कामाला परवडत नाही. त्याचं कारण किंमत हे आहेच, पण त्याहून जास्त ते तुम्हाला परत काय देणार हे आहे. तेवढा हिशेब आपण नीट करू.

५ मिमी जाडीच्या मऊ (अजून कडक न केलेल्या) पट्टीतून मध्यम आकाराच्या सुरीचा आकार हॅकसॉने काढायला आणि उरलेलं ग्राइंडरवर खाली आणायला मिळून ४५ मिनिटं धरू. पोर्टेबल बँडसॉवर तेच काम १० मिनिटांत होतं, कारण तुम्ही रेषेच्या अगदी जवळून कापू शकता. म्हणजे एका सुरीमागे ३५ मिनिटं वाचली. महिन्याला ३ सुऱ्या, म्हणजे १०५ मिनिटं, आणि वर्षाला २१ तास. आता मोठं यंत्र घ्या. ते १० मिनिटांचं काम फार तर ७ मिनिटांत करेल. एका सुरीमागे ३ मिनिटं, महिन्याला ९, वर्षाला १०८. पोर्टेबलच्या वर जे ८ महिन्यांच्या शिलकीइतके जास्तीचे पैसे तुम्ही घालणार, त्याच्या बदल्यात वर्षाला दोन तासही मिळत नाहीत. माझी मिनिटं तुमच्या हाताला लागू पडतीलच असं नाही. पुढच्या दोन सुऱ्या घड्याळ लावून कापा आणि तुमचे आकडे घाला. फरक इतका मोठा आहे की निष्कर्ष बदलणार नाही.

महिन्याला ३ ऐवजी १२ सुऱ्या होऊ लागल्या आणि त्या घेणारे लोक रांगेत असले, तर हाच हिशेब पुन्हा मांडायला हवा. पण आज ६ सुऱ्या विकायच्या पडून आहेत. तुमचं काम कापण्यापाशी अडलेलं नाही, विक्रीपाशी अडलं आहे. वाचलेल्या वेळेत आणखी सुऱ्या केल्या तर पडून असलेल्या ६ च्या ९ होतील. पत्नीचा मुद्दा म्हणूनच मला रास्त वाटतो. फक्त त्याला बँडसॉ न घेण्याची अट बनवू नका. मोठं यंत्र न घेण्याचं ते कारण आहे.

कर्जाला मी नाही म्हणतो तेही याच कारणाने. हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला जातो. सुरी मात्र विकली जाईल तेव्हा विकली जाते. यंत्रामुळे ऑर्डर वाढणार असतील तर कर्जाचा विचार करता येतो. इथे यंत्र वेळ वाचवणार आहे, आणि त्या वेळेचे पैसे होण्याची सोय अजून झालेली नाही. मग व्याज तुमच्या पगारातून जाणार. बाजूला ठेवलेल्या गंगाजळीचं म्हणाल तर ५ महिन्यांचा खर्च हीच आधी किमान पातळीच्या आसपासची रक्कम आहे. घर एका पगारावर चालत असेल तर ती ६ महिन्यांपर्यंत न्यायला हवी. त्यातून यंत्र घेणं म्हणजे आजारपणाचे किंवा नोकरी जाण्याच्या दिवसांचे पैसे लोखंडात घालणं. गरजेच्या वेळी ते लोखंड आठवड्याभरात चांगल्या भावाला विकलं जात नाही.

आता मनगटाबद्दल, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तीच आहे. वरचा २१ तासांचा हिशेब थोडा कमी भरला असता तरी मी बँडसॉ घ्याच म्हटलं असतं. तुमचा पगार आणि तुमचा छंद दोन्ही त्याच हातावर चालतात. दुखणं वाढून महिनाभर सुट्टी घ्यावी लागली तर त्याची किंमत पोर्टेबल बँडसॉपेक्षा किती तरी जास्त होईल. यंत्र येईपर्यंतचे दोन महिने हॅकसॉने कापणं थांबवा आणि मनगट डॉक्टरांना दाखवा. तेवढ्या काळात कापून ठेवलेल्या सुऱ्या असतील तर त्यांना मुठी बसवा, धार काढा, तयार सुऱ्यांचे नीट फोटो काढा, विक्रीकडे लक्ष द्या. तुमचा एखादा आकार ठरलेला असेल आणि तोच वारंवार बनत असेल तर बाहेरून वॉटरजेटवर (पाण्याच्या जोरदार धारेने कापणाऱ्या यंत्रावर) किंवा लेझरवर पट्ट्या कापून आणण्याचाही भाव काढा. त्यात भांडवल अडकत नाही, जितक्या सुऱ्या तितकाच खर्च. वॉटरजेटने कड तापत नाही. लेझरने कापलेली कड उष्णतेने कडक होऊ शकते, तेव्हा कानस किंवा ड्रिल लावण्याआधी ती ग्राइंडरवर थोडी उतरवावी लागते. दर वेळी वेगळा आकार करायला आवडत असेल तर मात्र बँडसॉच बरा.

पोर्टेबल आणि आडवा-उभा यांच्यातला निर्णय पैशांवरून होणार नाही, अर्ध्या महिन्याच्या शिलकीचाच फरक आहे. तो कामावरून करा. आडवा-उभा बँडसॉ जाड सळया आणि चौकोनी तुकडे आडवे कापायला उत्तम: काम पकडीत बसवलं की तो आपल्या वजनाने खाली येतो आणि तुकडा पडला की बंद होतो. घडाई करणाऱ्याला किंवा दमास्कसचे थर लावणाऱ्याला (वेगवेगळी पोलादं एकत्र घडवून नक्षीचं पातं करणाऱ्याला) मी तोच सुचवला असता. तुम्ही तयार पट्टीतून आकार काढता. त्यासाठी तो उभा करावा लागतो, आणि उभा केल्यावर त्याचं टेबल लहान असतं. वेग बदलायला बहुतेक यंत्रांत पट्टा एका पुलीवरून दुसरीवर चढवावा लागतो. पोर्टेबलमध्ये वेगाचं चाक फिरवलं की झालं, घरच्या साध्या प्लगवर चालतो, आणि नको तेव्हा स्टँडवरून काढून कपाटात जातो. त्याची उणीवही सांगतो. ब्लेड आणि मागची बॉडी यांच्यात जागा कमी असते, त्यामुळे लांब पट्टी मध्येच वळवता येत नाही, दोन्ही टोकांकडून कापावी लागते. शिवाय १३ मिमी रुंदीचं ब्लेड छोट्या वळणातून जात नाही. बोटाच्या खाचेपाशी आधी एक भोक पाडायचं किंवा जवळजवळ सरळ काप देऊन तुकडे काढायचे, बाकीचं ग्राइंडर करतो.

लाकडाचा बँडसॉ कुणाकडून स्वस्तात मिळतोय म्हणून मोहात पडू नका. तो मिनिटाला ९०० मीटरच्या आसपास धावतो. सुऱ्यांच्या पोलादाला साधारण २५ ते ३५ मीटर हवेत. लाकडाच्या वेगाला ब्लेडचे दाते पहिल्याच कापात जळतात, आणि वेग खाली आणायला गिअर किंवा जादा पुल्या बसवायचा खर्च वाचवलेले पैसे खाऊन टाकतो.

यंत्रानंतरचा चालू खर्च म्हणजे ब्लेड, आणि अंदाजपत्रक बहुतेकांचं इथेच चुकतं. साधं कार्बन स्टीलचं ब्लेड स्वस्त दिसतं पण पोलादावर लवकर बोथट होतं. बाय-मेटल घ्या, त्याची पाठ लवचीक स्प्रिंग स्टीलची आणि दाते हायस्पीड स्टीलचे असतात. दात्यांची संख्या जाडीवरून ठरते: कापताना साधारण ३ दाते तरी धातूत हवेत. ५ मिमीच्या पट्टीला इंचाला १८ दाते, ३ मिमीला २४. यापेक्षा मोठे दाते पातळ पट्टीत अडकून तुटतात. नवं ब्लेड पहिल्या काही कापांना निम्म्या जोराने चालवा, दात्यांची धार टिकते. आणि पट्टी मऊ आहे याची खात्री करूनच कापा. गाडीच्या जुन्या कमानपाट्यापासून सुरी करत असाल तर तो आधी लाल तापवून अगदी सावकाश थंड केल्याशिवाय करवतीला लावू नका, तो कारखान्यातूनच कडक होऊन आलेला असतो. एका कमानपाट्यापायी नवं ब्लेड गेलं तर फुकट मिळालेलं पोलाद महाग पडतं.

यंत्राच्या किमतीच्या साधारण पाचवा हिस्सा वेगळा काढून ठेवा. त्यात पायाने चालणारा स्विच, डोळ्यांचा चश्मा, मास्क आणि सुरुवातीची ब्लेडं येतात. पोर्टेबलचा ट्रिगर स्टँडवर प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून ठेवायची पद्धत सर्रास दिसते. तसं कराल तर वीज जाऊन परत आली की करवत आपोआप सुरू होते. पायाचा स्विच असला की पाय उचलताच थांबते, त्यामुळे ही काटकसर करू नका. चालू ब्लेडजवळ हातमोजे घालू नका, आणि शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर लाकडाच्या तुकड्याने ढकला. अपघात विमा असेल तर घरच्या वर्कशॉपमध्ये, आणि विशेषतः विकण्यासाठी वस्तू बनवताना झालेली इजा त्यात धरली जाते का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या. घराच्या विम्याबद्दलही हेच. छंद म्हणून केलेलं काम आणि विक्रीसाठीचं काम यांत पॉलिसी भेद करू शकते.

विक्रीचा हिशेब आजपासून वेगळ्या वहीत ठेवा: पोलाद, ग्राइंडरचे बेल्ट, ब्लेड, मुठीचं सामान, लागलेले तास आणि मिळालेली किंमत. मोठ्या यंत्राचा विषय त्या वहीवरून काढायचा. सलग ६ महिने महिन्याला १० पेक्षा जास्त सुऱ्या आगाऊ पैसे घेऊन गेल्या, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा थ्री-फेज विजेची जोडणी, यंत्राच्या चाकांचे रबर, बेअरिंग आणि ब्लेडचे गाइड यांचा दुरुस्ती खर्च धरून आपण पुन्हा बघू. ब्लेड-वेल्डरचा फायदा खरा आहे, गुंडाळीतून हव्या लांबीचं ब्लेड स्वस्तात बनतं, पण महिन्याला ३ सुऱ्यांसाठी वर्षाला लागतात त्या मोजक्या ब्लेडांवर तो वसूल होत नाही.

ब्लेड एकेक घ्यावं की पाकीट, हे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं होतं. पहिल्यांदा १८ दात्यांची दोन आणि २४ ची एक एवढीच घ्या. तीन महिन्यांनी कोणतं किती चाललं ते वहीत दिसेल, मग पाकीट घ्या.