छापलेले वॅट आणि खरे वॅट

प्रश्न : आमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरते. गिझरवर ‘२००० वॅट, २३० व्होल्ट’ असे लिहिले आहे. व्होल्टेज उतरल्यावर तेवढेच वॅट मिळवण्यासाठी गिझर जास्त विद्युतधारा ओढतो आणि बिल वाढते, हे खरे आहे का?

उत्तर : नाही. छापलेले २००० वॅट फक्त २३० व्होल्टला लागू असतात. गिझरचा स्वतःचा म्हणता येईल असा गुण म्हणजे त्याच्या कॉइलचा रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा. शक्तीला (वॅटला) विभवांतराने, म्हणजे व्होल्टेजने, भागले की धारा मिळते, ती येथे सुमारे ८.७ अँपिअर येते. विभवांतराला या धारेने भागले की रोध मिळतो, तो सुमारे २६.४ ओहम. कॉइलमधील नायक्रोमच्या तारेचा रोध तापल्यावरही फारसा बदलत नाही, त्यामुळे १८० व्होल्टला धारा वाढत तर नाहीच, उलट ६.८ अँपिअरपर्यंत घटते आणि दोहोंचा गुणाकार, म्हणजे शक्ती, सुमारे १२२५ वॅटवर येते. पंधरा लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला साधारण ०.६१ युनिट लागते. पूर्ण व्होल्टेजला हे काम १८ मिनिटांत होते, १८० व्होल्टला ३० मिनिटांत. टाकीतून थोडी अधिक उष्णता निसटते तेवढी सोडली तर बिल तेच राहते. फरक कळतो तो आंघोळीच्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसाला. जास्त धारा ओढण्याची गोष्ट भार असलेल्या मोटारीबाबत पुष्कळदा खरी असते, गैरसमज बहुधा तिथूनच आला असावा.

प्रश्न : धारेचा वर्ग गुणिले रोध, या सूत्राप्रमाणे रोध वाढला की शक्ती वाढते, विभवांतराचा वर्ग भागिले रोध, या सूत्राप्रमाणे घटते. दहावीच्या विद्यार्थ्याने कोणते मानावे?

उत्तर : दोन्ही. काय स्थिर आहे, एवढेच आधी पाहावे. घरातील उपकरणाला विभवांतर ठरलेले मिळते, म्हणून कमी रोधाची कॉइल जास्त तापते. त्याच गिझरला जोडलेल्या बारीक एक्स्टेंशन वायरमधील धारा मात्र मुख्यतः गिझर ठरवतो, म्हणून तिथे जास्त रोधाची वायर जास्त तापते.

प्रश्न : जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बचा रोध हिशोबाने ८८२ ओहम येतो, पण मल्टिमीटरवर ६५ च्या आसपासच दिसतो. मीटर बिघडला आहे का?

उत्तर : मीटर ठीक आहे. तुम्ही थंड तार मोजलीत. पेटलेली टंगस्टनची तार सुमारे २५०० अंश सेल्सिअसला असते आणि तिचा रोध कित्येक पटींनी वाढलेला असतो. बटण दाबताच क्षणभर मोठी धारा जाते, म्हणून असे बल्ब बहुतेकदा लावतानाच उडत.

प्रश्न : एक अश्वशक्तीच्या पंपाच्या गुंडाळीचा रोध ३ ओहम आहे. २३० ला ३ ने भागले तर ७७ अँपिअर येतात, पण क्लॅम्प मीटर (वायरभोवती लावून धारा मोजणारे उपकरण) ७ दाखवतो.

उत्तर : सात खरे. प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या (एसी) धारेमुळे गुंडाळीतील चुंबकीय क्षेत्र सतत बदलते आणि पुरवठ्याला विरोध करणारे विभवांतर उभे करते. साध्या रोधात ते दिसत नाही. शिवाय २३० गुणिले ७ म्हणजे १६१० हे व्होल्ट-अँपिअर झाले; पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरपैकी खऱ्या वॅटचे प्रमाण, ०.८ धरला तर खरे वॅट सुमारे १२९० येतात. गुंडाळी तुटली आहे का, हे पाहण्यासाठी रोध जरूर मोजावा, मात्र त्याआधी मेन स्विच बंद आणि कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) रिकामा केलेला असावा.