दारातलं खडूचं वर्तुळ

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तीन महिन्यांपूर्वी त्याच्या बाबांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. आता तब्येत ठीक आहे. तेव्हापासून मुलगा म्हणतो, 'मी मागच्या जन्मी मोठा जादूगार होतो, तुम्हाला सांभाळायला परत आलोय.' अशाच कथेची कॉमिक्स तो सारखी वाचत असतो. रोज रात्री दाराशी खडूने वर्तुळ काढतो, तीन फेऱ्या मारतो, मंत्र पुटपुटतो आणि बारापर्यंत जागा राहतो. परवा फरशी पुसताना वर्तुळ गेलं, तर रडून रडून शाळाच बुडवली. आता मीच गुपचूप ते पुन्हा काढून ठेवते. बाबा कौतुकाने म्हणतात, 'तू होतास म्हणून मी वाचलो रे.' त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय का? कॉमिक्स काढून घेऊ का?

उत्तर : ताई, डोक्यावर परिणाम झाल्याचं तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही. मुलगा घाबरलाय, आणि चांगलाच घाबरलाय. खेळ असता तर नियम त्याने हवे तसे बदलले असते, भूक लागल्यावर अर्ध्यावर टाकून पळाला असता. इथे फेऱ्या तीन म्हणजे तीनच, आणि वर्तुळ पुसलं की जीव कासावीस. यात त्याला मजा येत नाही, घटकाभर भीती थांबते एवढंच.

त्याला नेमकी हीच कथा का भावली असेल, ते बघा. अंग लहान मुलाचं, पण पुढे काय घडणार ते त्या जादूगाराला आधीच ठाऊक असतं. घरात कुणी अचानक आजारी पडलं की मोठी माणसं दबक्या आवाजात बोलतात आणि मुलाला 'काही नाही, तू झोप' म्हणतात. त्या रात्री त्याच्याकडे जे नव्हतं, ते सगळं या जादूगाराकडे आहे. वर आणखी एक फास आहे : बाबा सुखरूप उठले की प्रत्येक सकाळ वर्तुळाच्या खात्यात जमा होते. म्हणून ते सोडायची हिंमत दिवसेंदिवस कमीच होत जाणार.

बाबांचं ते वाक्य प्रेमाचं आहे, पण ते आजपासून बंद. मुलाने वाचवलं असेल, तर पुढच्या वेळी काही झालं की चूकही मुलाचीच ठरते. हे बाबांनीच, दिवसाउजेडी, त्याच्याजवळ बसून मोडून काढायला हवं. असं काहीसं म्हणता येईल : 'माझ्या हृदयाला रक्त नेणारी एक नळी अडली होती. डॉक्टरांनी ती उघडली आणि आत जाळीची बारीक नळी बसवली. तू काही केलंस म्हणून ते झालं नाही, आणि तुझ्यामुळे बरंही झालं नाही. मी रोज गोळ्या घेतो, तपासणीला जातो. माझी काळजी मी, आई आणि डॉक्टर घेतो.' 'मला पुन्हा कधीच काही होणार नाही' असं मात्र सांगू नका. मुलांना ते खोटं वाटतं, आणि मग बाकीच्यावरचा विश्वासही जातो. मदत करायचीच असेल तर एक छोटं काम द्या : कुणाला बरं वाटेनासं झालं तर शेजारच्या मोठ्या माणसाला हाक मारायची. बाबांच्या गोळ्या मोजायचं काम चुकूनही देऊ नका. तो नवा पहारा होईल.

वर्तुळ एका रात्रीत बंद केलंत तर तो लपून काढेल, नाहीतर मनातल्या मनात. आधी आठवडाभर नुसती नोंद ठेवा : किती वाजता, किती मिनिटं, आणि भीती शून्य ते दहामध्ये किती. मग त्याच्याबरोबर बसून पायऱ्या ठरवा. तीनाच्या दोन फेऱ्या, मग एक. मग मंत्र नाही. मग वर्तुळ काढायचं, पण बोटभर फट ठेवून. ही फट सगळ्यात अवघड जाते, तिला जास्त रात्री द्या. मग अर्धंच वर्तुळ, शेवटी खडू डब्यात. भीती सुरुवातीच्या निम्म्यावर आली की पुढची पायरी. साधारण तीन-चार रात्री लागतात. वाईट रात्री पायरी तीच ठेवा, मागे येऊ नका. तुम्ही गुपचूप काढता ते वर्तुळही थांबवायचंय, मात्र त्याला आधी सांगून : 'पुसलं गेलं तर मी काढणार नाही, पण तुझ्याजवळ बसेन.' आणि 'बाबांना काही होणार नाही ना?' या प्रश्नाला रात्रीतून एकदाच उत्तर. पुन्हा विचारलं तर, 'याचं उत्तर आपण दिलंय.' दर वेळी समजूत काढली की पाच मिनिटं बरं वाटतं आणि सहाव्या मिनिटाला प्रश्न परत येतो.

या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते. झोपायची वेळ दर दोन-तीन रात्रींनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. अपुऱ्या झोपेने भीती वाढते.

चार आठवड्यांत फरक पडला नाही, दिवसाचा तासाहून जास्त वेळ यात जाऊ लागला किंवा शाळा पुन्हा बुडाली, तर बाल मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गाठा आणि 'एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन' (भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं, पण ती शमवायचा विधी करायचा नाही, असा उपचार) करता का, असं थेट विचारा. शक्ती आजमावायला उंचावरून उडी, आगीत हात, किंवा कुणीतरी हुकूम देत असल्याचा आवाज ऐकू येणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी जा आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.

कॉमिक्स काढून घेऊ नका, फक्त झोपेआधीचा तासभर नकोत. तुम्हीही दोन भाग वाचा. अशा कथांत जादूगार आपलं गुपित बहुधा आईवडिलांपासून लपवतो, म्हणून एकटा पडतो. मुलाला एक वही द्या आणि सांगा, जादूगार आईला सगळं सांगून टाकतो तो भाग तू लिही. मग विचारा, 'तो झोपतो तेव्हा पहारा कुणाचा?' उत्तर सुचवू नका, त्याला लिहू द्या.