पणजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची शेपटी (नळीच्या मागच्या टोकाची लोखंडी पट्टी) लाकडी दस्त्यात हलते. एपॉक्सी भरून स्क्रू आवळू का?

नुसतं आवळू नका. आधी नळीत लाकडी काठी तळापर्यंत घाला, तोंडाशी खूण करा आणि काठी बाहेरून नळीला लावून बघा. टोक नळी मागून बंद करणाऱ्या बुचाच्या बरंच अलीकडे राहिलं तर आत जुना बार (दारू-गोळी) असू शकतो. मग हात लावू नका.

शेपटीचा स्क्रू वरून मनगटातून (दस्त्याच्या बारीक मानेतून) खाली चापाच्या पट्टीत जातो. त्याचं काम फक्त धरून ठेवणं. धक्का झेलायचा तो नळीच्या सपाट पाठीने, लाकडावर पूर्ण टेकून. शेपटीच्या टोकामागे मात्र केसभर फट हवीच, नाहीतर ते पाचरीसारखं घुसून मनगट चिरतं. तुमच्या पणजोबांच्या बंदुकीत बहुधा पाठीमागचं लाकूड दबलंय. कारागीर लोखंडाला तेलात कालवलेली काजळी लावून नळी बसवतात, उचलतात; काळं उमटेल तेवढंच पटाशीने खरवडतात. दबलेल्या जागी सागाची पातळ चकती चिकटवतात. एपॉक्सी मला तरी जुन्या लाकडात आवडत नाही.

आणि हो, शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. नाशिकमधल्या परवानाधारक बंदूकवाल्याकडेच द्या, भद्रकालीतल्या सुताराकडे नको.