पोपडा उलटा करून बघा

प्रश्न : काका, आमचं घर चिपळूणजवळच्या गावात, आजोबांच्या काळातलं. आतून वर्षानुवर्षं चुनाच मारायचो. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी हौसेने इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा प्लास्टिक रंग, मारून घेतलं, पेंटरने आधी प्रायमरचा एक हात मारला होता, मी स्वतः बघितलंय. तरी होळीपर्यंत मखरामागच्या भिंतीचे पोपडे सुटायला लागले, हात लावला की पापडासारखे निघतात. पेंटर म्हणतो यावेळी प्रायमरचे दोन हात मारू. मारू द्यावेत का?

उत्तर : नको ताई, थोडं थांबा. आधी एक पोपडा अलगद काढा आणि उलटा करून बघा. मागच्या बाजूला पीठ लागल्यासारखी पांढरी भुकटी असेल आणि बोट फिरवल्यावर बोट पांढरं होत असेल तर दोष रंगाचा पण नाही आणि प्रायमरचा पण नाही, खालचा चुना सुटलाय. वीस-पंचवीस वर्षांचे चुन्याचे थर एकावर एक बसलेले असतात, प्रायमर फार तर सगळ्यात वरच्या थरात मुरतो आणि त्याला घट्ट धरतो, पण तो वरचा थर खालच्या थराला धरून नसतो ना, मग इमल्शनची फिल्म सुकताना ताणली गेली की सगळं एकत्र सोलून येतं. अशा भिंतीवर प्रायमरचे दोन काय चार हात मारलेत तरी तेच होणार, नुसते पैसे जातील.

मागच्या बाजूला चुना नसून वाळूचे कण चिकटलेले दिसले तर मात्र गिलावाच कमजोर झालाय असं समजा, आणि तिथे मिठासारखे पांढरे तुरे फुटलेले असतील तर लोणा लागलाय, म्हणजे भिंतीतला क्षार वर आलाय. तुमच्याकडे २०२१ च्या जुलैचा पूर आला होता, घरात पाणी शिरलं असेल तर पोपडे पाण्याच्या खुणेपर्यंतच सुटलेत की वरपर्यंत तेही बघा. फक्त खालीच सुटत असतील तर क्षार आणि ओल अजून भिंतीत आहे, तिथे ओलीचं काम आधी, रंगाचं नंतर.

चुनाच निघाला तर काम कष्टाचं आहे पण अवघड नाही. भिंतीवर पाणी मारायचं, दहा-पंधरा मिनिटं भिजू द्यायचं, पत्रीने, म्हणजे रंग खरवडायच्या पातळ पात्याने, खरवडायचं, मग काथ्याच्या ब्रशने धुवायचं, आणि हे तळहात फिरवून पांढरा व्हायचा थांबेपर्यंत करायचं. नंतर भिंत पूर्ण सुकली पाहिजे. सुकली की नाही ते बघायला फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. मागे थेंब जमले किंवा भिंत काळपट दिसली तर अजून ओल आहे. आपण कोकणातली माणसं गणपती डोळ्यासमोर ठेवून ऐन पावसात रंग काढतो, हौस समजते मला, माझ्या घरीही हेच चालायचं, पण श्रावणात भिंत सुकत नाही हो. खरवडण्यापासूनचं सगळं काम एप्रिल-मेमध्ये काढा.

आणि एक मनापासून सांगतो, भिंती मातीच्या किंवा जुन्या चुन्याच्या गिलाव्याच्या असतील तर इमल्शनच्या मागे लागूच नका. चुन्यातून आतली ओल बाहेर पडत राहते, इमल्शनखाली ती बऱ्यापैकी अडकते. जिथे सैल झालंय तिथे खरवडून परत चुनाच द्या, हवा तर त्यात रंग कालवून द्या. ती भिंत त्यातच टिकते.

प्रश्न : पुण्यात नवीन फ्लॅट घेतलाय, आतल्या एका खोलीचा गिलावा पंधरा दिवसांपूर्वी परत करून घेतला. वास्तुशांत जवळ आलीये. पेंटर म्हणतो पुट्टीचे दोन हात मारतोय ना, मग प्रायमरची गरज नाही. खरंय का?

उत्तर : नाही. पुट्टी भिंत सपाट करायला असते, प्रायमर रंग धरून ठेवायला, एकाचं काम दुसरा करत नाही. घासलेल्या पुट्टीवर हात फिरवून बघा, बारीक पावडर हाताला लागतेच आणि वरून ती पाणी पण भसाभस पिते. त्यावर थेट रंग मारला की कुठे जास्त शोषला जातो कुठे कमी, मग दुपारच्या तिरप्या उन्हात भिंतीवर ढग उमटल्यासारखं दिसतं. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी असेल तर ती थोड्या ओलसर गिलाव्यावर थेट लागते आणि तिच्यावर प्रायमर येतो. अॅक्रिलिक पुट्टी असेल तर आधी प्रायमर, मग पुट्टी, घासून झाल्यावर परत प्रायमर. नंतर कुठे खिळ्याचं भोक बुजवलंत तर तेवढ्या ठिगळाला पण प्रायमर लावा, नाहीतर तो डाग शेवटपर्यंत दिसतो.

पंधरा दिवसांचा गिलावा मात्र कच्चा आहे. निदान २८ दिवस जाऊ द्या, त्यानंतरही प्लास्टिक लावून बघा. ताज्या सिमेंटमध्ये अल्कली (क्षार) खूप असते, ती रंगाला चट्टे पाडते आणि ऑइलपेंट असेल तर त्याचा अक्षरशः साबण करते. वास्तुशांत करून घ्या, खोली नंतर रंगवा, देवाला चालतं.

अजून एक गोष्ट, बादलीत प्रायमर कालवताना तिथे उभे राहा. पाण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, आणि डबा पुरवायच्या नादात त्याहून कितीतरी जास्त पाणी पडताना मी बघितलंय. असा प्रायमर सुकल्यावर ओला काळा फडका त्यावर फिरवला की फडका पांढरा होतो. तसं झालं तर तो हात मोजायचा नाही, परत मारायला सांगायचं.

प्रश्न : देवघरात समईच्या वर भिंत काळी झालीये. दोनदा रंग मारला, डाग परत पिवळा होऊन वर येतो.

उत्तर : काजळीत तेल असतं ताई. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिंत धुवा, साध्या पाण्याने परत पुसा, सुकू द्या. मग तेवढ्या भागाला पाण्याचा नाही तर टर्पेंटाईनमध्ये कालवायचा ऑइल प्रायमर लावा. पाण्याच्या प्रायमरमध्ये काय, रंगात काय, डाग विरघळून वर चढतो, म्हणून तुमचे दोन्ही हात वाया गेले. लावताना खिडक्या उघड्या ठेवा आणि समई त्या दिवशी दुसरीकडे.

प्रश्न : खिडकीच्या ग्रिलला आणि वरच्या पत्र्याला दोन्हीला रेड ऑक्साईडच (लोखंडाचा तांबडा प्रायमर) मारायचं ना?

उत्तर : ग्रिलला हो. गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून, टर्पेंटाईनने पुसून, त्याच दिवशी रेड ऑक्साईड मारा. रात्रभर उघडं ठेवलं की दमट हवेत परत गंज धरतो. आणि नुसत्या रेड ऑक्साईडवर महिनोन्महिने सोडू नका, त्याच्यातून पाणी आत शिरतं, वर ऑइलपेंट लागतोच. पत्रा जस्ताचा असेल तर तिथे हे चालत नाही. रेड ऑक्साईडही तेलातलाच, आणि जस्त आणि ऑइलपेंटचं पटत नाही, मध्ये साबणासारखा थर होतो आणि रंग कातडीसारखा सोलून येतो. पत्र्यावरचा तेलकटपणा धुऊन काढा आणि डब्यावर जीआय किंवा गॅल्व्हनाइज्ड असं स्पष्ट लिहिलेला प्रायमर मागा.

प्रश्न : घर १९८५ चं आहे, दारं-खिडक्यांना ऑइलपेंटचे पाच-सहा थर असतील. सगळं घासून मुळापासून प्रायमर मारायचा विचार आहे. घरात दहा महिन्यांचं बाळ आहे, धुळीचा त्रास होईल का?

उत्तर : बरं झालं आधी विचारलंत. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायची दाट शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, तुमचे बरेचसे थर त्याच्या आधीचे. ते कोरडे घासले की धूळ घरभर बसते, बाळ रांगतं, हात तोंडात घालतं, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. म्हणून मशीन लावून घासणं नाही, ब्लो लॅम्पच्या ज्वाळेने जाळून काढणं तर अजिबातच नाही.

जिथे थर घट्ट बसलाय तिथे तो काढूच नका. साबणाच्या पाण्याने धुवा, वॉटर पेपर ओला ठेवून चमक जाईल एवढंच हलकं घासा आणि प्रायमर मारा. जिथे पोपडे निघतायत तिथे पाणी मारून पत्रीने काढा, खाली प्लास्टिक अंथरा, कचरा पिशवीत बांधून टाका, जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा आणि फडके टाकून द्या. काम चालू असताना बाळ आणि आई दुसऱ्या घरी असू देत, पेंटरलाही चांगला मास्क द्या. खिडकीच्या कठड्याचा रंग बाळाने चावलेला दिसला असेल तर डॉक्टरांना तसं सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या.