हिचकॉकच्या तोडीचा फ्रेंच दिग्दर्शक कोण?

आंरी-जॉर्ज क्लूझो. माझ्या मते तर काही बाबतींत हा माणूस हिचकॉकच्याही पुढे होता, फक्त सिनेमे मोजकेच केले.

'द वेजेस ऑफ फिअर' (१९५३) घ्या. दक्षिण अमेरिकेतल्या तेलविहिरीला आग लागलीय, ती विझवायला नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक हवं. चार कफल्लक माणसं पैशासाठी दोन ट्रक घेऊन खड्ड्याखड्ड्यांतून निघतात. जोरात हादरा बसला की खेळ खलास. एका ट्रकमधला माणूस सिगरेट वळत बसलाय. अचानक कागदावरची तंबाखू फुर्रकन उडून जाते. मग लांबवर लखलखाट. पुढच्या ट्रकचं काय झालं, ते आपल्याला असं कळतं! या सिनेमाला कान आणि बर्लिन, दोन्ही चित्रपट महोत्सवांत सर्वोच्च पुरस्कार मिळाला. आणि ती 'दक्षिण अमेरिका' चक्क फ्रान्सच्या दक्षिणेत उभारलेली.

जन्म १९०७ चा, निओर गावचा. ऐन उमेदीत क्षय झाला आणि काही वर्षं आरोग्यधामात गेली. पुढे जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये त्याने काँतिनांताल या जर्मन मालकीच्या कंपनीत काम केलं, हे त्याला कायम चिकटलं. तिथेच १९४३ मध्ये 'ल कोर्बो' केला. गावात निनावी पत्रं येऊ लागतात आणि जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघू लागतो. जर्मनांकडे शेजाऱ्याच्या चहाड्या करणारी पत्रं खरोखर लिहिली जात होती त्या काळात हा सिनेमा! साहजिकच सगळ्यांनाच झोंबला. फ्रान्सच्या मुक्तीनंतर क्लूझोवर आधी आजन्म बंदी आली, मग ती कमी झाली आणि १९४७ मध्ये तो परतला. जर्मनांची नोकरी केली, यावर मी पांघरूण घालणार नाही. पण हा सिनेमा देशद्रोही होता, हे मला अजिबात पटत नाही.

माणूस मात्र महाखडूस. सेटवर नटनट्यांना पिळून काढायचा. बायको व्हेराही त्याच्या सिनेमांत असायची. 'ले दियाबोलिक'मध्ये (१९५५) तिची भूमिका हृदयरोगी बाईची. १९६० मध्ये ती खरोखरच हृदयविकाराने गेली. १९६४ मध्ये अभिनेत्री रोमी श्नायडरला घेऊन 'लांफेर' सुरू केला, तर नायक मध्येच सोडून गेला, पाठोपाठ क्लूझोलाच हृदयविकाराचा झटका आला आणि सिनेमा राहिला तो राहिलाच. त्यानंतर १९६८ मध्ये एक सिनेमा केला. १९७७ मध्ये तो गेला.

सुरुवात 'ले दियाबोलिक'पासून करा. त्याआधी विकिपीडिया उघडू नका. शेवट कुणाला सांगू नका, अशी विनंती त्याने पडद्यावरच केली होती.