तेराव्या वर्षीची चिडचिड अजून पाठ आहे, काय करू?

प्रश्न: ताई, वय ३५, नाशिकला असतो. आठवीत असताना पुण्याच्या आतेभावाने एक सीडी राइट करून दिली होती, ग्रीन डे, ब्लिंक-१८२, सिम्पल प्लॅन, अव्रिल लव्हीन, सगळं इंग्रजी पॉप-पंक रॉक एकात. परवा माळ्यावर सापडली, वाजवायला ड्राइव्ह नाही म्हणून तीच गाणी फोनवर लावली तर शब्द न् शब्द पाठ! बायको म्हणे हे काय कर्कश. मलाही लाजच वाटली, सारखं आपलं ‘मला कोणी समजून घेत नाही’. माझ्या बाबांनी मला काय कमी केलं होतं हो? पण बंदही करवत नाही.

उत्तर: अहो मग नका करू बंद! लाज शब्दांची वाटतेय ना, तर जरा गिटारकडे कान द्या. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले सूर, आणि त्यातले बहुतेक पॉवर कॉर्ड, म्हणजे नुसते सा आणि प, मधला गंधार गायब, कारण गिटारचा आवाज एवढा फाडल्यावर गंधार घातला की सगळं गिचमिड होतं. आता गंधार शुद्ध की कोमल यावरच तर कॉर्ड खुलते की उदास होते ते ठरतं, आणि इथे तोच नाही, म्हणजे धड हसू नाही धड रडू नाही, आठवीतला मुलगाच तो.

आणि शब्दांचं म्हणाल तर लिहिणाऱ्यांनाही ते नंतर टोचलेत. पॅरामोर बँडची गायिका हेली विल्यम्स, तिने विशीच्या आत लिहिलेलं ‘मिझरी बिझनेस’ हे गाणं २००७ मध्ये आलं, त्यात दुसऱ्या मुलीला घातलेली शिवी नको वाटायला लागली म्हणून २०१८ मध्ये तिने ते स्टेजवर गायचं थांबवलं, आणि २०२२ मध्ये परत गायला लागली. तुमचं दोन दिवसांत काय ठरणार!

बाकी सिम्पल प्लॅनचं ‘परफेक्ट’ मात्र मुद्दाम लावा, २००२ च्या अल्बममधलं, मुलगा बापाला म्हणतो सॉरी, मी परफेक्ट नाही होऊ शकत. तेव्हा आपण मुलाच्या बाजूने ऐकायचो. मी हल्ली ऐकलं तर सगळं लक्ष त्या बापाकडे, तो बिचारा गाणंभर एक शब्द बोलत नाही.

तुमच्या बाबांना नका ऐकवू पण. हा कोण एवढा ओरडतोय म्हणून विचारतील.